एरंडेलाचा लॉर्ड

एरंडेल म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांचं तोंड आपोआप वाकडं होतं. आमच्या माहूरला उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी एरंडेलाची बाटली आणि चमचा घेऊन उभी राहिली, की आम्ही पोरं गडाच्या वाटेने पळत सुटायचो. सापडलो की मात्र नाक दाबून गिळावंच लागे. त्यानंतरचा अख्खा दिवस कसा जायचा, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण याच तेलाची दुसरी ओळख आजोबांनी करून दिली. बैलगाडीचं चाक कुरकुरायला लागलं की ते चाक काढायचे आणि चिंधीने आखाला एरंडेल चोपडायचे. पुढे कितीतरी दिवस गाडी गुपचूप चालायची. पोटात घ्यायचं तेल चाकाला का, हा प्रश्न तेव्हा पडला होता, पण विचारला नाही. त्याचं उत्तर थेट थर्ड इयरला मिळालं, आणि तेही एका भांडणामुळे.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत आमचा एक मित्र मालवणला जाऊन आला. तिथल्या स्पीड बोटीत बसल्यापासून भाई हवेतच होते. रात्री होस्टेलच्या गच्चीवर विषय निघाला, की अशा बोटीच्या इंजिनात ऑइल कोणतं टाकत असतील. एक म्हणाला बाइकचंच. दुसरा म्हणाला कारचं सिंथेटिक. तिसऱ्याचं मत असं की एवढी पळते म्हणजे रेसिंगचंच, सगळ्यात महाग असेल ते. रात्री दोन वाजेपर्यंत जाम वाद झाला, निकाल काहीच लागला नाही. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत शोधायला बसलो आणि हाती लागला एक माणूस. त्याने रेल्वेला, विमानाला, मोटारीला आणि जगातल्या सर्वांत वेगवान बोटीला तेल पुरवलं. त्या बोटीने विक्रम केला आणि त्याच दिवशी दोन जीव घेतले. त्या माणसाचं नाव चार्ल्स चिअर्स वेकफिल्ड. त्यांना ओळखत नसलात तरी त्यांनी दिलेलं नाव प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर तुम्ही वाचलेलं आहे, ते म्हणजे कॅस्ट्रॉल.

लिव्हरपूलचा पोरगा

वेकफिल्ड यांचा जन्म १२ डिसेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या गावी झाला. वडील कस्टम खात्यात नोकरीला होते. घर खाऊनपिऊन सुखी म्हणावं असं, पण लॉर्ड वगैरे होण्याची काही चिन्हं नव्हती. शिक्षण गावातच झालं. नंतर पोरगा तेलाच्या दलालाकडे कामाला लागला आणि तिथून व्हॅक्युम ऑइल या अमेरिकन कंपनीत गेला. ही कंपनी यंत्रांची वंगणं विकायची. या नोकरीत त्यांचा देशोदेशी प्रवास झाला.

वंगण विकणाऱ्या माणसाचं काम दिसतं तितकं सोपं नाही. किराणा दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या घरी भाजी कशी होते याच्याशी देणंघेणं नसतं. वंगणवाल्याला मात्र गिऱ्हाइकाचं यंत्र समजून घ्यावं लागतं. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरला लागणारं तेल वेगळं आणि डब्याच्या आसाला लागणारं वेगळं. गरम वाफेत पातळ तेल टिकत नाही, थंडीत जाड तेल पोचत नाही. वेकफिल्ड यांची पुढची सगळी कमाई या समजुतीवर उभी आहे.

१८९९ मध्ये, वयाच्या चाळिशीला टेकलेले असताना, त्यांनी चांगली नोकरी सोडली आणि लंडनच्या चीपसाइड भागात स्वतःची सी. सी. वेकफिल्ड अँड कंपनी काढली. जुन्या कंपनीतले काही सहकारीही सोबत आले. सुरुवातीचा धंदा रेल्वे आणि अवजड यंत्रांच्या वंगणाचा. नुसतं तेल विकून ते थांबले नाहीत. वाफेच्या इंजिनाला ठरावीक मापात तेल पोचवणारं त्यांचं लुब्रिकेटरही नावारूपाला आलं. योग्य तेल असून भागत नाही, ते योग्य जागी, योग्य मापात आणि योग्य वेळी पोचलं पाहिजे, हा धडा त्यात आहे.

एरंडेलच का?

विसावं शतक उजाडलं आणि दोन नवी यंत्रं रस्त्यावर आणि आभाळात आली, मोटार आणि विमान. यांची इंजिनं वाफेच्या इंजिनापेक्षा कितीतरी जोरात फिरायची. रेल्वेसाठी बनवलेली तेलं तिथे अपुरी पडू लागली. इंजिन थंड असताना तेल वाहायला हवं आणि गरम झाल्यावर पाण्यासारखं पातळ होता कामा नये, अशी दुहेरी मागणी होती.

वेकफिल्ड यांच्या कंपनीने खनिज तेलात मोजून एरंडेल मिसळायला सुरुवात केली. १९०९ मध्ये या तेलाला नाव दिलं कॅस्ट्रॉल. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून हे नाव. म्हणजे आमच्या आजीची बाटली आणि तो हिरवा-लाल डबा एकाच खानदानातले!

आता थोडं केमिस्ट्रीकडे वळू. (फर्स्ट इयरवाल्यांनी घाबरू नये.) एरंडेलात सुमारे ८५ ते ९० टक्के भाग रिसिनोलेइक आम्लाचा असतो. त्याच्या लांब साखळीला मध्येच एक हायड्रॉक्सिल गट लटकलेला असतो. त्यामुळे रेणू ध्रुवीय होतो आणि धातूच्या पृष्ठभागाला चिकटून बसतो. बेअरिंग वेगात फिरत असताना तेलाचा थर शाफ्टला उचलून धरतो. रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये मांडलेलं समीकरण आपण सगळ्यांनी वायवाच्या आदल्या रात्री पाठ केलेलं आहे. पण इंजिन सुरू होताना, किंवा भार इतका वाढला की तेलाचा थर पिळून बाहेर पडतो तेव्हा, धातूवर धातू घासायची वेळ येते. त्या क्षणी पृष्ठभागाला चिकटून राहणारा रेणूंचा पातळ पापुद्राच यंत्राला वाचवतो. एरंडेल हे काम फार छान करतं. आजोबांच्या गाडीचा आख हळू फिरायचा आणि भार मात्र क्विंटलांचा. तिथेही हेच चालू होतं.

पण तेलाचे दुर्गुणही सांगितले पाहिजेत. एरंडेल उष्णतेने आणि हवेने घट्ट, चिकट होतं. डिंकासारखा थर पिस्टनच्या रिंगांत बसतो. साध्या खनिज तेलात ते सहज मिसळत नाही. रेस झाली की गरम असतानाच ते काढून टाकावं लागतं. इंजिन उघडून साफ करावं लागतं. रोज ऑफिसला जाणाऱ्याला हे परवडणार नाही. म्हणून कंपनीने रेसिंगसाठी एरंडेलाचं वेगळं तेल ठेवलं आणि रोजच्या गाडीसाठी वेगळं. एकच तेल सगळ्यांच्या गळ्यात मारलं नाही. त्या काळी अमेरिकेतही याच दिशेने विचार चालू होता. तेलाच्या जाडीप्रमाणे नंबर देण्याची एसएई पद्धत १९११ मध्ये आली. आजही डब्यावर आपण तेच नंबर वाचतो.

युद्ध, विमानं आणि हिंदुस्थानची एरंडी

पहिलं महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झालं. त्या वेळच्या बऱ्याच लढाऊ विमानांना रोटरी इंजिन असायचं. हे इंजिन म्हणजे एक अजब प्रकार होता. त्यात क्रँकशाफ्ट जागेवर घट्ट बसवलेला आणि सगळे सिलिंडर पंख्यासोबत गरगर फिरणारे! पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच सिलिंडरकडे जायचं. खनिज तेल वापरलं तर पेट्रोल ते विरघळवून धुऊन टाकणार. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, म्हणून तिथे एरंडेलच हवं. इंजिनात गेलेलं तेल परत टाकीत येत नसे, ते धुराबरोबर बाहेर उडायचं. तो धूर मागे बसलेल्या वैमानिकाच्या नाकातोंडात. परिणाम काय होत असेल ते आजीच्या नातवंडांनी ओळखलं असेलच! शत्रूच्या गोळीपेक्षा पोटाची धास्ती जास्त, असे विनोद त्या वैमानिकांत चालत.

एरंडीच्या बियांचा मोठा पुरवठा तेव्हा हिंदुस्थानातून व्हायचा. आजही एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि देशात गुजरात. आपल्याकडे मराठवाड्यात ती बांधावर, उकिरड्याशेजारी, कुणी न लावताही उगवते. माहूरहून किनवटमार्गे नांदेडला येताना एसटीच्या खिडकीतून मी ती शेकडो वेळा पाहिली. आपल्या बांधावरच्या झाडाला एकेकाळी आभाळात एवढा भाव होता, हे मात्र ठाऊक नव्हतं.

युद्धाच्या धामधुमीत, १९१५-१६ या वर्षासाठी, वेकफिल्ड लंडनचे लॉर्ड मेयर झाले. त्याआधी १९०८ मध्ये त्यांना सर हा किताब मिळालेला होता. १९१७ मध्ये बॅरोनेट, १९३० मध्ये बॅरन आणि १९३४ मध्ये व्हायकाउंट अशा पायऱ्या ते चढत गेले. कस्टमच्या नोकरदाराचा मुलगा तेल विकत विकत लॉर्ड झाला.

पैसा, विक्रम आणि जाहिरात

वेकफिल्ड स्वतः ना वैमानिक होते ना ड्रायव्हर. पण वेगाच्या मागे लागलेल्या माणसांसाठी त्यांची थैली कायम सैल असे. १९११ मध्ये त्यांनी मॉडेल विमानांच्या स्पर्धेसाठी चषक दिला. रबर पिळून उडणाऱ्या विमानांसाठीचा वेकफिल्ड चषक आजही त्या छंदात मानाचा आहे. टेक फेस्टमध्ये ग्लायडर उडवणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं. अॅलन कॉबम यांच्या लांब पल्ल्याच्या हवाई मोहिमांना त्यांनी मदत केली. १९३० मध्ये एमी जॉन्सन ही सव्वीस वर्षांची पोरगी एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमान घेऊन निघाली. तिच्या सेकंडहँड विमानाचा अर्धा खर्च वेकफिल्ड यांनी उचलला. ५ मे रोजी निघालेली एमी २४ मे रोजी डार्विनला उतरली. वाटेत तिला आपल्या झाशीच्या परेड ग्राउंडवर विमान उतरवावं लागलं होतं.

आता प्रश्न असा, की हे दानशूरपण होतं की जाहिरात? खरं सांगायचं तर दोन्ही. प्रत्येक विक्रमानंतर वर्तमानपत्रांत कंपनीची जाहिरात झळकायची, की या विक्रमात कॅस्ट्रॉल होतं. पण रुग्णालयं, शिष्यवृत्त्या आणि लंडनमधल्या टॉवर हिल भागाच्या सुधारणेसाठी त्यांनी जो पैसा दिला, त्यातून तेलाचा एक डबाही जास्त खपणार नव्हता. माणूस एकाच वेळी धंदेवाईक आणि उदार असू शकतो. आपण इंजिनिअर लोक त्याला उगाच शून्य किंवा एकमध्ये बसवायला जातो.

मिस इंग्लंड

या कथेतला दुसरा माणूस म्हणजे हेन्री सीग्रेव्ह. जन्म १८९६, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा, वडील आयरिश आणि आई अमेरिकन. महायुद्धात तो लढाऊ वैमानिक होता, जखमी झाला आणि युद्ध संपल्यावर मोटारींच्या शर्यतीत उतरला. १९२३ मध्ये त्याने सनबीम गाडीतून फ्रेंच ग्रां प्री जिंकली. ब्रिटिश गाडीतून ग्रां प्री जिंकणारा तो पहिला ब्रिटिश ड्रायव्हर. १९२७ मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाच्या किनाऱ्यावर तो ताशी २०० मैलांच्या पुढे गेला. जमिनीवर असं करणारा तो जगातला पहिला. १९२९ मध्ये गोल्डन अॅरो नावाच्या गाडीतून ताशी २३१ मैल, म्हणजे सुमारे ३७२ किलोमीटर. त्याच वर्षी तोही सर झाला.

जमीन झाली, आता पाणी. पाण्यावर तेव्हा अमेरिकेच्या गार वूडचं राज्य होतं. वेकफिल्ड यांच्या पाठबळावर सीग्रेव्हने मिस इंग्लंड ही बोट बांधून घेतली. तिला नेपियर लायन हे विमानाचं एकच इंजिन होतं. १९२९ मध्ये मायामीला तिने गार वूडला हरवलं. ही बोट आता लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

पण विक्रम अजून वूडच्याच नावावर होता. म्हणून दुसरी बोट आली, मिस इंग्लंड दोन. पैसा वेकफिल्ड यांचा, बोटही त्यांचीच आणि साहजिकच तेलही त्यांचंच. डिझाइन फ्रेड कूपर यांचं. लांबी ३८ फुटांच्या वर. पोटात रोल्स-रॉइस कंपनीची दोन आर इंजिनं. हीच इंजिनं १९२९ च्या श्नायडर चषकाच्या समुद्री विमानासाठी बनली होती. बारा सिलिंडर, सुमारे ३७ लिटर आणि प्रत्येकी १८०० च्या आसपास अश्वशक्ती. आपल्या होस्टेलच्या पार्किंगमधली १०० सीसीची बाइक साधारण सात-आठ अश्वशक्तीची. म्हणजे एका बोटीत साडेचारशे बाइक कोंबल्या असं समजा!

अशा इंजिनातल्या तेलावर काय वेळ येते ते पाहा. विमानाच्या इंजिनाला वर थंड हवा मिळते, बोटीच्या इंजिनाला पत्र्याच्या पोटात कोंडून ठेवलेलं असतं. बोट लाटेवर उसळली की पंखा क्षणभर पाण्याबाहेर येतो, भार एकदम नाहीसा होतो आणि इंजिन सुसाट फिरतं. दुसऱ्या क्षणी पंखा पाण्यात आणि पूर्ण भार एका दणक्यात परत. बेअरिंगमधला तेलाचा थर या दणक्यांत तुटता कामा नये. विक्रमाचा पळ काही सेकंदांचा असतो, पण त्यात तेलाची वर्षभराची परीक्षा होऊन जाते. अशा ठिकाणी चिकट राहणाऱ्या एरंडेलाचे गुण सोनं आणि त्याचे दुर्गुण गौण. दोन पळांत तेल बदलायला आणि इंजिन उघडायला मेकॅनिकांची फौज उभीच होती.

१३ जून १९३०

इंग्लंडच्या उत्तरेला विंडरमियर नावाचा लांबट तलाव आहे. १३ जून १९३० रोजी, शुक्रवारी, मिस इंग्लंड दोन तिथे पाण्यात उतरली. बोटीत तिघं होते. सुकाणूवर सीग्रेव्ह, सोबत इंजिनांवर लक्ष ठेवायला रोल्स-रॉइसचे व्हिक्टर हॅलिवेल आणि मेकॅनिक विलकॉक्स. विक्रमासाठी एकदा जाताना आणि एकदा येताना वेग मोजतात आणि त्यांची सरासरी काढतात. दोन पळ झाले. सरासरी आली ताशी ९८.७६ मैल, म्हणजे जवळपास १५९ किलोमीटर. नवा जागतिक विक्रम! जमिनीचा आणि पाण्याचा असे दोन्ही विक्रम एकाच वेळी नावावर असणारा सीग्रेव्ह हा जगातला पहिला माणूस ठरला.

इथे थांबले असते तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण त्यांनी तिसरा पळ घेतला. वेग आणखी वाढला आणि बोट एकाएकी उधळून उलटली. पाण्यात तरंगणारा लाकडाचा ओंडका किंवा फांदी तिच्या तळाला लागली असावी, असं मानलं जातं. हॅलिवेल बुडून गेले. विलकॉक्स वाचले. सीग्रेव्हला काठावर आणलं, तेव्हा तो जिवंत होता. विक्रम झाल्याचं त्याला कळलं आणि काही तासांतच तो गेला. वय अवघं तेहेतीस.

मित्रांनो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. इंजिन जॅम झालं नव्हतं. बेअरिंग वितळली नव्हती. तेलाने आपलं काम चोख केलं होतं, इंजिनांनीही केलं होतं. घात झाला तळाशी, जिथे कुणी तेल घालत नाही. हॅलिवेल हे तुमच्या-आमच्यासारखे इंजिनिअर होते. गेजवर नजर ठेवणं एवढंच त्यांचं काम. विक्रमाच्या यादीत त्यांचं नाव शोधावं लागतं, म्हणून इथे मुद्दाम दोनदा लिहिलं.

वेकफिल्ड तेव्हा सत्तर वर्षांचे होते. बोट त्यांच्या मालकीची, पैसा त्यांचा. एखाद्याने हात जोडून हा नाद सोडला असता. त्यांनी बोट तळ्यातून वर काढवली, दुरुस्त करवली आणि के डॉन या ड्रायव्हरच्या हाती दिली. त्याच बोटीने १९३१ च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनात ताशी १०३.४९ मैल आणि जुलैमध्ये इटलीच्या गार्डा सरोवरावर ११०.२२ मैल गाठले. मग मिस इंग्लंड तीन आली आणि १९३२ मध्ये स्कॉटलंडच्या लॉख लोमंडवर ११९.८१ मैल. दोन महिन्यांत गार वूडने १२४.८६ मैल करून तोही विक्रम मोडला.

दोन माणसं गेलेल्या बोटीत तिसऱ्याला बसवणं बरोबर की चूक? गच्चीवर यावरही वाद झाला. एका गटाचं म्हणणं, की थांबणं म्हणजे सीग्रेव्ह आणि हॅलिवेल यांचं मरण वाया घालवणं. दुसऱ्याचं म्हणणं, की चार मैल जास्त पळून जगाचं काय भलं झालं, फक्त डबे खपले. माझं मत विचाराल तर मी मध्येच अडकलोय. रोल्स-रॉइसच्या त्या आर इंजिनातून मिळालेला अनुभव पुढे मर्लिन इंजिनाच्या कामी आला, आणि दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड वाचवणारी स्पिटफायर विमानं त्यावर उडाली, हे खरं. पण हॅलिवेलांच्या घरच्यांना हे सांगायला मी जाणार नाही.

१५ जानेवारी १९४१ रोजी, लंडनवर बॉम्ब पडत असताना, वेकफिल्ड वारले. स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे लॉर्डची पदवी त्यांच्यासोबतच संपली. १९६० मध्ये कंपनीनेच आपलं नाव बदलून कॅस्ट्रॉल केलं. मालकाचं नाव पुसलं, एरंडेलाचं राहिलं.

मग बोटीला ऑइल कोणतं?

आता आमच्या भांडणाचा निकाल. तीनही मित्र चुकले होते, आणि तिसरा, म्हणजे सगळ्यात महाग रेसिंग ऑइलवाला, सगळ्यात जास्त.

बाइकचं ऑइल बाइकच्या ओल्या क्लचसाठी बनवलेलं असतं. बोटीला तो क्लच नसतो. कारचं ऑइल धरलं तर कार उताराला लागते, सिग्नलला थांबते, इंजिन श्वास घेतं. पाण्याला उतार नाही. बोट चालवणं म्हणजे माहूरचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये दिवसभर चढत राहणं. शिवाय बऱ्याच बोटींचं इंजिन बाहेरच्या पाण्यानेच थंड करतात, त्यामुळे ते कारपेक्षा थंड चालतं. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी तेलात उतरतं, तेल पातळ होतं आणि गंज चढतो. म्हणून फोर-स्ट्रोक पेट्रोल बोटीसाठी गंजरोधक चाचणी पास झालेलं मरीन ऑइल घेतात, त्याच्या डब्यावर एफसी-डब्ल्यू अशी खूण असते. टू-स्ट्रोक आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू-३ खुणेचं, राख न सोडणारं तेल लागतं. स्कूटरचं टू-टी टाकलं तर त्यातली राख प्लगवर आणि पिस्टनवर बसते. डिझेल बोटीचा हिशोब तिसराच. तिथे इंधनातल्या गंधकातून तयार होणारं आम्ल मारायची ताकद तेलात किती आहे, तेही पाहावं लागतं.

आणि रेसिंग ऑइल? ते एका शर्यतीपुरतं असतं. त्यात मळ धुणारी आणि गंज रोखणारी रसायनं बऱ्याचदा कमी ठेवलेली असतात, कारण ते लगेच बदलायचं असतं. मालवणची बोट पावसाळ्यात तीन-चार महिने उभी असते. त्या इंजिनात रेसिंग ऑइल तसंच राहिलं तर आतून गंज. सीग्रेव्हच्या बोटीला जे अमृत, ते मालवणच्या बोटीला विष ठरू शकतं.

म्हणून ऑइल निवडताना आधी यंत्राला प्रश्न विचारायचे. इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, पेट्रोल की डिझेल? भार किती आणि किती वेळ? पाणी खारं की गोडं? किती दिवस उभं राहणार? आणि सगळ्यात आधी, कंपनीच्या मॅन्युअलमध्ये कोणता ग्रेड आणि कोणती खूण लिहिली आहे? मॅन्युअल वाचणं हे आपल्याकडे कमीपणाचं समजतात, पण ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी त्यासाठी कित्येक इंजिनं टेस्ट बेंचवर फोडलेली असतात. इंजिन चालून आलं की डिपस्टिक ओढून बघा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. तेव्हा बोट बाहेर काढायचीच नाही, कितीही गिऱ्हाईक उभं असो.

आणि निघण्याआधी तळ बघा. पाण्यात काय तरंगतंय ते बघा. विंडरमियरला तेल बरोबर होतं, एवढं लक्षात असू द्या.

यंदा दिवाळीला गावी गेलो तेव्हा आजोबांची गाडी गोठ्याच्या मागे पडलेली होती. ट्रॅक्टर आल्यापासून तिला कुणी विचारत नाही. मी चाक हलवून पाहिलं, ते कुरकुरलं. आजीकडून एरंडेलाची बाटली मागितली, तर माझं पोट बिघडलं असं समजून तिने आधी चमचाच पुढे केला!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)